साडेसहा

दाबक्यांनी पहिल्यांदा साडेसहा दिले.
गंगापूर रोड, तिसरा मजला, एसी सोळावर,
हातात पांढरे सुती मोजे, डोळ्याला घड्याळजीचं भिंग.
'तांबडा मुखवटा', अंक चौथा, किंमत सत्तर पैसे.
पाठ किंचित कललेली. खालच्या पिनेला गंज.
मुखपृष्ठावर पेन्सिलीत नाव, त्याचा अर्धा गुण गेला.
पानांचा रंग : सायीसारखा.

गाईच्या की म्हशीच्या, मी विचारलं.
ते हसले नाहीत.
तक्ता आहे आमच्याकडे, म्हणाले,
आणि काढून दाखवलाही.
तक्ता उन्हाने फिकटला होता.

ते नाव माझ्या वडिलांचं.
रंगनाथ गो. अहिरे, पाचवी ब.
ब गिरवून गिरवून जाड केलेला,
'अ'मधल्या कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

मग अंक प्लास्टिकच्या डबीत गेला.
चारही कडा वितळवून बंद, वर आकडा.
डबी उघडली की आकडा मरतो
हे त्यांनी दोनदा सांगितलं, पावती देताना आणि जिन्यात.

आठ महिन्यांनी मीच ती फोडली, स्क्रूड्रायव्हरने,
आणि मेहुण्याच्या हाती, मेहुण्याच्या नावाने
तोच अंक पुन्हा पाठवला.
तीच पाठ, तीच पिन, तोच जाड ब.

आठ.

मधल्या काळात तो कपाटात
डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होता,
दुसरं काहीच केलं नव्हतं त्याने.
साडेसहा आणि आठ यांच्यात
एक जुनी स्कूटर बसते, रोखीत.
फायदा माझाच झाला.
तरी राग आला, कुणाचा ते कळेना.

ताई पिंपळगावच्या पॅकहाऊसला द्राक्षं निवडते.
हातात रिंग, अठरा मिलिमीटर.
मणी जातो किंवा जात नाही.
तुझं बरंय, मी म्हटलं.
ती म्हणाली, जरासा दाबला की जातो रे.
किती दाबायचा ते रिंगवर लिहिलेलं नसतं.

दादांना सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये, एकतीस वर्षं
छापलेले ताव तपासायचे ते.
शाई सरकली, आकडा तुटला, की लाल खूण.
सुटताना त्यांचीही झडती, रोज, डब्यासकट.
ऐकून बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
मग म्हणाले,
सोमवारी माझ्या हातून जास्त बाद व्हायचे.
कागद खराब यायचा?
नाही. सोमवार यायचा.

तीनच्या चहानंतर सगळं पास.
आणि तुझी आई सिव्हिलला होती ना,
त्या आठवड्यात तावच्या ताव बाद केले मी.
साहेब म्हणाले, अहिरे, शाई जागेवर आहे.
म्हटलं, नाही साहेब, सरकलीय. थोडी. नीट बघा.
साहेबांनी नीट बघितलं.
त्यांनाही सरकलेली दिसली.

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला.
मी डबी दिली.
ती ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी, मग सरळ,
आत जलचिन्ह असल्यासारखी.
नावाकडे बघितलंच नाही,
किंवा बघितलं आणि मला कळू दिलं नाही.
अकराव्या पानावर, म्हणाले,
तो विहिरीत उतरतो. खाली काय सापडतं रे त्याला?
आठवतच नाही.

मलाही सांगता येईना.
मी पानं मोजली होती. बत्तीस, सगळी जागेवर.
वाचलं एकही नव्हतं.

रविवारी पुण्याचा माणूस येणार आहे, पैसे घेऊन.
आठ बघून येतोय तो, अंक बघून नाही.
दादा जेवून झोपलेत.
आज गुरुवार,
आणि स्क्रूड्रायव्हर अजून फ्रिजवरच आहे.