कोपर

म्हापशाच्या थेटरात, दुपारच्या खेळाला
बाबांना घेऊन गेलो. ऐंशीला दोन कमी.
जिना चढताना तीनदा थांबले
आणि विचारत राहिले, शेवटी मरतो काय रे तो?
मी म्हटलं, सत्य घटनेवर आधारित आहे.
म्हणाले, मग कसला मरतो,
पात्रांव डायबेटीसनं गेला, पर्वरीला, मुलीकडे.

काळोख झाला. पहिल्याच दृश्यात समुद्र,
इतका निळा की आमच्या शापोरा नदीला
लाज वाटावी आपल्या गढूळपणाची.
मग तो आला.
पांढरे बूट, गुडघाभर पाण्यातही पांढरे.
वळला, आणि लायटर पेटवायच्या आधी
नुसता थांबला.
ते थांबणं, खोटं कशाला बोलू,
माझ्या पोटात माशासारखं उसळलं.
मागच्या रांगेतल्या पोरांच्या आधी
शिट्टी माझी गेली.
मी, चौपन्न वर्षांचा, फार्मसीवाला,
हप्ते वेळेवर भरणारा.

पात्रांव असा चालत नसे.
त्याचा एक पाय आखूड होता,
आणि त्याच्या पुढे कुणी जाऊ नये म्हणून
बाजारात त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांनाच
लंगडल्यासारखं हळू चालावं लागे.
हे घेतलं असतं, तर मला भीती वाटली असती.
सिनेमातली भीती गोळीची,
आणि आमच्या गावात गोळी सुटली ती एकदाच,
रानडुकरावर. चुकली.

गोळीबार चालू असताना बाबा झोपले.
इंजिनाच्या आवाजाने जागे झाले.
"हें आमचें इंजिन न्हय," मोठ्याने म्हणाले,
"आमचं खोकायचं, तिसऱ्या ओढीला धरायचं.
आणि ओहोटीला त्या वाळूवरून
होडी काढतो कोण, गाढव?"
कुणीतरी श्श केलं.

पडद्यावर सोनं सांडत होतं,
फुटलेल्या पेटीतून, संथ, भातासारखं,
नाचणारीच्या केसांत.
सोनं सांडत नाही.
सोनं जाकिटात असतं, कॅनव्हासच्या,
शंभर खिसे, शंभर बिस्किटं,
साडेअकरा किलो. शिवायची माझी आई,
शिवोलीच्या घरात, दार लावून,
आणि नाड्या पाठीमागे, पात्रांवाचा हुकूम,
एकट्याला सोडता येऊ नयेत म्हणून.

कायतानला पोहता येत होतं.
काठावरच्या सगळ्या पोरांपेक्षा चांगलं.

सिनेमात आहे तो. तीन सेकंद.
नाव वेगळं, विनोदी टोपी.
लाट येते, हसता हसता दिसेनासा होतो
आणि नायकाचे डोळे छान भरतात.
लगेच गाणं.
दुसऱ्या दिवशी खाजनाच्या चिखलात
त्याला पालथं घालून
बाबांनी नाड्या कापल्या, हे नाही.
पात्रांवाने आधी बिस्किटं मोजली,
दोनदा, ओठ हलवत,
आणि शंभर भरली तेव्हा म्हणाला,
प्रामाणिक होता. हेही नाही.
त्यानंतर आईने झबल्यालासुद्धा
कधी नाडी लावली नाही. बटणंच.

पण दिग्दर्शकाला हे सांगणार कोण होतं?
दोन पोरं आली होती घरी, रेकॉर्डर घेऊन,
चहा घेतला, फणसाचे गरे खाल्ले.
बाबांनी त्यांना दोन तास
इंजिनाबद्दल सांगितलं.

शेवटी खरे फोटो, काळेपांढरे.
पात्रांव धक्क्यावर, हात कमरेला.
उजव्या कडेला, फोटो संपतो तिथे
कुणाचं तरी कोपर
आणि दुमडलेली चौकड्यांची बाही.
बाबा खुर्चीतून पुढे वाकले.
"पळय," म्हणाले.
एवढ्यात फोटो गेला.

बाहेर गाड्यावर रोस-ऑम्लेट.
पाव बुडवत म्हणाले, बरो आसलो.
त्या पोराला चालता येतं.

रविवारी मी पुन्हा गेलो, एकटा.
कोपर नीट बघायचंय, असं घरी सांगितलं.
लायटरच्या आधी तो थांबला
आणि माझे ओठ, मला न विचारता,
गोल झाले.