काट्यावर

पहाटे साडेचारला डेल्बर्ट नॉल्टचा ट्रक येतो,
चाकांना गोठलेला चिखल, वर फडफडती ताडपत्री.
भरलेला : एकेचाळीस टन.
आत लोखंडी फलाट अख्खा ट्रक उचलून तिरपा करतो,
आजाऱ्याला उठवून बसतं करावं तसा,
आणि सगळं घसरत खाली येतं,
मेपलच्या फांद्या, हेमलॉकचे शेंडे, गिरणीतला भुसा.
रिकामा : सोळा.
वजाबाकी माझी.
वीस वर्षं मी या खिडकीत वजाबाकीच करते.

ओल्या लाकडात निम्मं पाणी असतं.
मूठभर चिप्स वाटीत घ्यायच्या, सुकवायच्या, पुन्हा तोलायच्या,
पाण्याचे पैसे कापायचे.
डेल्बर्ट म्हणतो, इर्या, तू काटा मारतेस.
मी म्हणते, पाणी तुझं नव्हेच, सरोवराचं आहे.
तो हसतो, मग खोकतो.
खोकल्याची नोंद होत नाही.

थंडी वाढली की लाकूड कमी पडतं.
मग रेल्वेचे जुने स्लीपर येतात,
काळे, तेलकट, क्रिओसोट प्यायलेले.
त्यांचा वास स्वेटरमध्ये बसून
रविवारी माझ्याबरोबर चर्चला येतो.
कधी टायरच्या चिंध्याही. कागदावर : पूरक इंधन.
अशा दिवसांत चिमणीचा धूर वर जात नाही,
आडवा होऊन खाडीवरून ओजिब्वे वस्तीत शिरतो.
थेल्मा लून्सफूटने पायरीवरचं बर्फ बरणीत भरलं,
गावसभेत आणून टेबलावर ठेवलं,
आणि काहीच बोलली नाही.
सभा चालली, बर्फ वितळलं,
तळाशी मिरपूड सांडावी तसं काळं उरलं.
कंपनीच्या तरुण साहेबाने तक्ता दाखवला :
झाड पुन्हा उगवेल, हा धूर पिऊन टाकेल,
म्हणून हिशेबात कार्बन शून्य.
थेल्माने विचारलं, कुठलं झाड?
तेवढंच.
मी मागच्या बाकावर बोटं मोजत होते.
हेमलॉकला दीडशे वर्षं,
डेल्बर्टच्या ट्रकला एकोणीस मिनिटं.

रात्री राखेची गाडी निघते. तीही मीच तोलते.
शंभर आत गेले तर दोन-तीन बाहेर.
बाकीचे कुठे गेले,
हा रकाना माझ्या वहीत छापलेलाच नाही.

राखेच्या पट्ट्यावर चुंबक आहे, तो लोखंड धरून ठेवतो.
मंगळवारी पाळी संपताना वेंडेलने
माझ्या तळहातावर एक खिळा ठेवला,
वाकलेला, अजून कोमट, डोक्यावर कोरलेलं : ३७.
तेव्हा प्रत्येक स्लीपरला असं वर्ष ठोकायचे.
त्या वर्षी माझा आजोबा आर्वो याच किनाऱ्याच्या रुळांवर होता,
हातोडा त्याच्या हातात होता की दुसऱ्या कुणाच्या,
सांगायला कुणी राहिलं नाही.
लाकडाची साल तर जंगलातच सोलून गेली होती.
हे साल मात्र भट्टीतून जाऊनही राहिलं.

का कोण जाणे,
मी बर्फातून रिकाम्या काट्याकडे गेले,
मधोमध खिळा ठेवला,
धावत खिडकीशी येऊन आकडा पाहिला.
वीस किलोच्या खालचं त्याला कळतच नाही.
शून्य, तो म्हणाला, आणि पावतीही छापली.

इतक्यात वळणावर दिवे दिसले, डेल्बर्टचा हॉर्न,
चाळीस टन चाकं काट्याच्या दिशेने,
आणि मी तशीच, कोट न घालता, ओरडत सुटले :
थांब! अरे थांब,
काट्यावर कुणीतरी आहे!