मास्टरमध्ये नोंद नाही

सकाळी सातला चार्जिंगच्या खोबणीतून उचलते त्याला.
पिस्तुलासारखा दिसतो, पण हलका.
मुठीला चिकटपट्टी,
गेल्या उन्हाळ्यात थप्पीवरून पडला तेव्हाची.
पडला, आणि वाचत राहिला.
ऑपरेटर शून्य चार. ती मी.

कोल्ड स्टोरेजच्या तिसऱ्या खोलीत रेंज नसते.
तिथे तो सगळं पोटात ठेवतो,
राजापुरी की सेलम, कुणाचा लॉट, कुठला रॅक,
आणि दाराबाहेर ऊन लागलं की
एका दमात सांगून टाकतो संगणकाला,
शाळेतून आलेल्या पोरासारखा, दप्तरही न काढता.

लाल रेघ, टिट्.
लाल रेघ, टिट्.
लेबलावर हळदीची भुकटी बसली की रेघ चाचपडते.
मी ओढणीच्या टोकानं पुसते.
माझ्या सगळ्या ओढण्यांचं एक टोक पिवळं आहे.
आधी बायका चिडवायच्या, हळद लागली गं हिला.
आता कुणी चिडवत नाही.

याच यार्डात, समोरच्या ओळीत
बाळगोंडा अण्णा सौदे लावायचे.
उपरण्याखाली हातात हात,
तोंडानं एवढंच : हे हजार. हे शंभर.
बाकी सगळं बोटांनी.
मी पेंडीच्या पोत्यावर बसून बघायचे,
आणि मला दिसायचं फक्त हलणारं कापड.

मार्चमध्ये अण्णांची उजवी बाजू गेली, वाचाही.
डावा हात उरला.
तो शालीखाली माझा हात ओढून घेतो
आणि दाबतो,
चार बोटं.
थांबून, दोन.
मग अंगठ्याचं एक पेर.

हुसेनचाचांना विचारलं,
त्यांनी चाळीस वर्षं अण्णांची पोती उचलली.
म्हणाले, 'चार म्हंजे चार गं पोरी.
चार काय, ते तोंडानं सांगायचं असतंय.
तोंडच मिटलंय, आता मी काय सांगू?'

चार हजार, का चारशे?
चारचा चहा?
हरिपूरचं ते चौथं पेव,
पुरात जे उघडायचं राहिलं?
का आम्ही चौघं, आणि त्यातली दोन आता पुण्यात?
पेराचं तर मला काहीच लागत नाही.

यालाही होतं असं कधीकधी.
नवा लॉट येतो, रेघा नीट वाचल्या जातात,
तेराच्या तेरा आकडे पडद्यावर,
आणि खाली : मास्टरमध्ये नोंद नाही.
सुपरवायझर म्हणतात, रद्द कर, पुढचं घे.
दुसरंही एक बटण आहे, 'राखून ठेवा'.
मी ते दाबते. माझ्या नावावर
एकशे सत्तावीस निनावी पोती आहेत,
त्यावरून बोलणी खाल्लीत.

काल रात्री पुन्हा तेच.
चार, दोन, पेर.
काही सुचेना, म्हणून मीच
त्यांच्या तळव्यावर परत दाबलं :
चार. दोन. पेर.
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं,
परगावच्या व्यापाऱ्याकडे पाहावं तसं, वरून खाली.
हात सोडवून घेतला.
शाल नीट केली, बोटं दिसू नयेत अशी.
मग पुन्हा माझी बोटं धरली.
चार.
थांबले.
तीन.

भाव वाढवला होता.