त्रेचाळीस अंश

जुबैलला आमचं काम एवढंच :
समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं काढायचं.
पडदे इतके बारीक, की पाणी जातं, मीठ अडतं.
मी ते पडदे धुतो. एकोणीस वर्षं झाली.
दाब साठच्या पुढे सरकला
की आधी कानाला कळतं, काटा मागून हलतो.

पाय पेटतात रात्री अकरानंतर.
एसी अठरावर, लादी गार,
मी पलंगावरून तळवे खाली टेकवून बसतो.
वरच्या बंकवरून खेडचा अश्फाक मुकादम विचारतो,
नलावडे, परत भाजतंय?
भाजतंय.
आग कुठेच नाही, आणि भाजतंय.

डॉक्टर सुदानी. कागदावर एक ते दहा आकडे,
दुखतं तेवढ्याला गोल करा.
मी मोडक्या हिंदीत विचारलं,
ठणकतं त्याला कितवा? चुरचुरतं त्याला?
आणि राख धरलेल्या निखाऱ्यासारखं
हे जे आतल्या आत धुमसतं, त्याला?

त्यांनी कागद उलटा केला.
एक नस काढली, पाइपलाइनसारखी लांब,
तिच्या भिंतीत बारीक बारीक दारं.
हे दार त्रेचाळीस अंशाला उघडतं, म्हणाले.
(बाहेर त्या दिवशी सत्तेचाळीस होतं.)
मिरचीलाही हेच दार.
चटका कुठला, ठेचा कुठला, दाराला कळत नाही.
उघडलं की बाहेरचं सोडियम आत घुसतं,
मग शेजारचं दार, मग त्याच्या शेजारचं.
सोडियम म्हणजे?
मिल्ह, म्हणाले. मीठच समजा.

मला हसू आलं.
दिवसभर ज्याला मी दाराबाहेर उभं करतो
ते रात्री माझ्याच टाचेतून शिरतं,
पोटरी, मांडी, कणा
असं वर चढत जातं, माणसाच्या चालीनं.
साखरेनं बिजागऱ्या ढिल्या केल्यात.
आता त्रेचाळीस लागत नाहीत,
चादरीचा काठ लागला तरी पुरतं.
जखमेवर चोळायला कुणी परका लागत नाही,
मीठ उंबऱ्यावर उभंच असतं.

जाताना आणखी एक सांगितलं,
नसेला अर्धी हाक मारता येत नाही.
उंबऱ्याच्या अलीकडे ती गप्प,
पलीकडे गेली की पुरती बोंब.

शुक्रवारी कुंदा फोनवर विचारते, पाय कसे?
ठीक.
धाकटा भाऊ गेला, सुट्टी मिळाली नाही,
तेव्हाही मी ठीकच म्हटलं होतं.
आता वाटतं, खोटं नव्हतं ते,
अलीकडचं होतं.

दारांना बूच मारणारी पट्टी दिलीय, बारा तासांची.
डाव्या पायाला लावली. उजव्याला पुरली नाही.
अश्फाक घोरतोय. खिडकीपलीकडे प्लांटची घरघर,
कुणीतरी आखात पिऊन संपवत असल्यासारखी.

खाल्ल्या मिठाला जागावं, वडील म्हणायचे.
जागतोय.
सव्वातीन वाजलेत, बस पाचची,
उजवा पाय लादीवरच आहे अजून,
लादी कोमट झाली की थोडा पुढे सरकवतो.