उतार

रोडेल कायमचा निघाला तेव्हा
पंखा, पलंग, सायकल, सगळं विकून झालं होतं.
उरली होती मागच्या अंगणातली गॅसची भट्टी:
चार बर्नर, वर जाड सपाट पत्रा,
उचलायला दोन माणसं लागतील असा.
पंचवीस रियाल म्हणाला, सिलिंडर धरून.
"डावा कोपरा तापत नाही.
आणि मागच्या पायाखालची घडी काढू नका, मॅडम."
एवढंच.
अकरा वर्षं लॅबमध्ये शेजारच्या खुर्चीत,
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत,
यापेक्षा लांबलचक आम्ही कधी बोललो नसू.

सोहारमध्ये नोव्हेंबर लागतो
आणि माणसं भिंतींआडून बाहेर येतात,
आकाश नवीनच बसवलंय कुणीतरी, असं बघत.
मी पत्र्याला जाडं मीठ चोळलं, गंज निघाला,
तेल लावलं, धूर काढला, पुन्हा तेल.
चौथ्या हाताला पत्रा काळा झाला, तुकतुकीत,
भिजल्या म्हशीच्या पाठीसारखा.
सासूबाई फोनवर: "आधी कांदे परत, नि टाकून दे."
टाकून द्यायचे? तेही इथे, या भावाने?
टाकले. नव्या लोखंडाचं देणं असतं.

शुक्रवारी सकाळी पीठ कालवलं,
देवगडचं, तीस किलोंच्या हिशेबात
कपडे कमी करून आणलेलं.
काट्याला अर्धा कांदा टोचून तेल फिरवलं,
वाटीने पीठ ओतलं
आणि घावन निघालं चालायला!
गोल नाही, चौकोनी नाही,
अंगणाला उतार समुद्राकडे,
तेही तिकडेच सरकत गेलं, लांबट, बेशिस्त,
पण जाळी पडली.
अशी जाळी सहा वर्षांत पडली नव्हती स्वयंपाकघरात.

वास भिंत ओलांडून गेला.
खमीसकाका लिंबं घेऊन आले, झाडाचीच, पानांसकट,
त्यांचा नातू हैथम उलथन्यासाठी हटून बसला.
उजवीकडे कनाद, म्हणजे आपली सुरमई,
मधे घावनं, पुढच्या कडेला मिरच्या,
वारा दर दहा मिनिटांनी एक बर्नर विझवतोय,
मी काडी ओढतेय, शिव्या पोटात.

विश्राम बंदरावर होता, दुपारी तीनला सुटणार.
त्याची दोन घावनं, एक तुकडी
मी सहज डावीकडे सारून ठेवली,
त्या मेलेल्या कोपऱ्यात.
तीन वाजून वीस मिनिटांनी
तो हेल्मेट काखेत धरून आला, उभ्यानेच खाल्लं.
मऊ होतं. कोमट नव्हे, गरम.
मग आठवलं,
रोडेलने तो बर्नर कधीच दुरुस्त करून घेतला नव्हता
आणि त्याच्या खोलीत तिघे होते, तिघांच्या तीन पाळ्या.
असेल. नसेलही.
कदाचित फक्त पैसे वाचवत असेल.

आवरताना भट्टी जरा सरकवली
तर पायाखालची घडी दिसली.
कॅलेंडरचं पान, जुनं, मार्च महिना,
चार तारखांना निळं वर्तुळ.
कसल्या, ते मी कुणाला विचारणार होते?
होती तशीच घातली, चिमटीने, त्याच घड्यांवर.

तेवढ्यात ज्योत पिवळी पडली, एकदा उचकली, गेली.
सिलिंडरची गाडी उद्याशिवाय नाही.
वाटीत पीठ उरलं होतं एका घावनाचं.
हैथम पत्र्यावर हात धरून म्हणाला, अजून आहे, अजून आहे.
ओतलं.
सावकाश, कुरकुर न करता,
उतारावरून समुद्राकडे जाता जाता
ते शिजलं.
हे मात्र रोडेलने सांगितलं नव्हतं.