शंभरपर्यंत

नियम असा की पांढऱ्या पेशी शंभर मोजायच्या.
कळ दाबत जायचं, शंभराला घंटी वाजते,
मग काच काढून दुसरी लावायची.

शुमकारच्या काचेवर घंटी वाजलीच नाही.

तांबड्या पेशींचं नुसतं माळरान.
कडेकडेने हिंडले, टोकापर्यंत गेले,
तेलाचा थेंब पुन्हा सोडला.
एक लिम्फोसाइट. बऱ्याच वेळाने एक न्यूट्रोफिल,
कच्ची, अंगात निळसर डाग,
मिसरूड फुटण्याआधीच
लढाईवर धाडलेल्या पोरासारखी.
तेवीस. काच संपली.

बाहेर बाकावर तोक्तोसुन आजोबा,
कोचकोरहून अंधारातच निघालेले.
तायगानचं पिल्लू कोटाच्या आत
आणि कोटाला तो वास,
जो आम्हाला दारातूनच कळतो.

मी सांगू लागले: विषाणू आतडं तर सोलतोच,
पण हाडांच्या पोकळीतही शिरतो, पेशी जन्मतात तिथेच.
होत्या त्या सगळ्या आतड्याकडे धावल्या,
मागे कुणी उरलं नाही.

"किती आल्या?" त्यांनी विचारलं.
येतात, हे क्रियापद मेंढपाळाचं.
"तेवीस."
"एका हिवाळ्यात माझ्या दोनशेतल्या नऊ आल्या होत्या.
नऊंचा पुन्हा कळप झाला."

मी मान डोलावली.
त्या नऊंत एकही गाभण नसती तर, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा.
काल दाट वाटलेलं रक्त सलाइनने पातळ झालं,
तांबड्यांचा आकडा घसरला,
म्हणजे खोटा होता तो खरा झाला.
नुरझात, त्यांची नात, म्हणाली, "हे बरं की वाईट?"
मी म्हटलं, "हे खरं."
ती माझ्याकडे बघतच राहिली.
मला तरी कुठे ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा.
आजोबांनी आकडा विचारला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, वीज गेलेली,
आरसा खिडकीकडे वळवून पाहिलं:
मोनोसाइट. मोठी, वेडीवाकडी, पोटात पोकळ्या.
शेजारी आणखी एक. मग तिघी.
या आधी येतात, पोकळी पुन्हा जागी झाली की.
कधीकधी.
एकेचाळीसला काच संपली.

पुढची काच दुकानदाराच्या मांजरीची होती.
बोट सवयीने चाललं होतं, आणि घंटी वाजली.
मी दचकले.

दार उघडून आजोबा आत आले, टोपी हातात.
"त्याची?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."