अर्धं तांबं

राव सवजी अकरा वर्षांनी आले,
उंटावरून नाही, फटफटीवरून.
वही मात्र तीच, लाल कापडात,
तान्ह्या पोरासारखी पोटाशी बांधलेली.
खेजडीखाली बाज टाकली. काकासासऱ्यांनी
कुंकू आधी वहीला लावलं, मग रावजींना.
अफूचा मान आता कायद्यात बसत नाही,
म्हणून ओंजळीओंजळीतून
गुळाचं पाणी फिरलं, तेवढ्याच गांभीर्यानं.

मग ते वाचू लागले.
वाचणं कसलं, नाकातून गाणंच ते,
एका श्वासात सात पिढ्या:
ऋषीपासून निघाले, सिद्धपूरच्या होमात घामेजले,
अर्बुदाचा डोंगर डावीकडे ठेवून वाळूत उतरले.
धूणोजी. धूणोजींचे वेरसी. वेरसींचे लाखण.
राजाच्या पोरांना अक्षर शिकवलं,
राजाच्या घोड्याला टिळा लावला,
आणि घोडा एकटाच परत आला
तेव्हा पोथी बायकोच्या हाती देऊन
स्वतः त्याच्यावर बसले.
त्या घोड्याच्या बदल्यात हे गाव, धूणासर, सांसण म्हणून,
करमुक्त, बारा विहिरींसकट.
अकरा खाऱ्या.
बारावी धूणोजींनी भाला मारून काढली,
असं म्हणून रावजी थांबले,
कारण इथे सगळ्यांनी 'घणी खम्मा' म्हणायचं असतं.

मी ओसरीच्या खांबाआड होते.
वहीत माझं नाव नाही,
फक्त माहेरची खांप आहे,
जशी पोत्यावर गिरणीची खूण.

लाखणला मुलगे दोन, नरो नि करमसी.
वाटणीत बैल वाटले, जाती वाटली,
शेवटी ताम्रपट उरला.
लोहाराची छिन्नी शब्दाच्या मधोमध गेली:
'यावच्चंद्र' आमच्याकडे राहिलं,
'दिवाकरौ' करमसीकडे, साडेतीन कोसांवर.
तेव्हापासून त्यांचं ऊन आणि आमचं चांदणं
एका पंगतीला बसलेलं नाही.

यंदा मात्र हंजा आली, करमसीच्या घरची थोरली सून.
ओढणीखालून तिनं त्यांचा अर्धा काढला
आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच ओशाळली.
काळाकुट्ट. चार पिढ्या तुपाच्या मडक्यावर झाकण म्हणून होता,
चुलीजवळ.

मग मला हाक आली. मी आमचा आणला,
देव्हाऱ्यातला.
दर दिवाळीला चिंच नि राखेनं मीच घासते,
माझ्याआधी सासू घासायची, तिच्याआधी तिची.
आरशासारखा लखलखीत.
त्यात रावजींना रावजींचाच चेहरा दिसला.
अक्षर एक नाही. जिथे चंद्र होता
तिथे अंगठ्याला कळेल एवढा खळगा.

कोणी मला बोललं नाही.
काकासासऱ्यांनी फक्त मिशी चावली.

दोन तुकडे शेजारी ठेवले. जुळले नाहीत,
मधे एक बोट मावेल एवढी फट राहिली,
आमच्या बाजूनं झिजलेली.
हंजानं पदराच्या टोकानं काजळी पुसली,
हळू, डोळ्यातलं कुसळ काढावं तशी,
आणि खालून अक्षरं वर आली, ठसठशीत,
तुपानं पोसलेली.

रावजी चष्मा पुसून वाचू लागले. या वेळी गाणं नव्हतं.
राजाचं नाव नव्हतं, घोडा नव्हता.
नुसत्या चतुःसीमा:
पूर्वेस कुंभाराची भट्टी.
दक्षिणेस वाहाळ.
पश्चिमेस मेघवाळांची विहीर,
गोडी,
पूर्वापार.

'पूर्वापार' त्यांनी दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा अगदी हळू.
वहीचं पान उघडं होतं,
भाल्याचं पान, वाऱ्यानं फडफडत.
लेखणी कानामागेच राहिली.
दूर पश्चिमेला त्या विहिरीवरची मोटार सुरू झाली,
काळूराम मेघवाळाच्या घरची,
रोज याच वेळी होते.

बऱ्याच वेळानं रावजींनी घसा खाकरला,
पाणी मागितलं.
मी आणलं.
त्याच विहिरीचं. दुसरं कुठलं पिणार?